मेलेली पानं, जिवंत खोड: टाकीतल्या वनस्पती वाचवायच्या कशा

मे महिन्यातली गोष्ट. माशांच्या टाकीसाठी मागवलेलं, तीन दिवसांत येणारं वनस्पतींचं पार्सल सहाव्या दिवशी गोव्यात फोंड्याला पोचलं. मधले दिवस ते कुठल्यातरी गोदामात पत्र्याखाली भाजत पडलं असणार. पिशवी कापून परातीत ओतली, तर थेट अळूचं फदफदं. आई ओट्यापाशीच होती. तिनं वाकून पाहिलं, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "हे पैसे देऊन मागवलंस?"

त्या फदफद्यात सात वनस्पती होत्या. त्यांतल्या पाच आजही आमच्या टाकीत आहेत आणि दोन तर इतक्या माजल्यात की दर पंधरवड्याला कापाव्या लागतात. त्या वाचवायला मी काही विशेष केलं नाही. उलट आधीची दोन वर्षं जे विशेष करत होतो, म्हणजे रोज उपटून बघणं, खत ओतणं, दिवा वाढवणं, ते या वेळी केलं नाही. नवीन माणूस वनस्पती मारतो तो बहुतेक वेळा काळजीपोटीच.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. पान मेलं म्हणजे वनस्पती मेली असं नाही. आलेलं पान गळणारच आहे, त्याचा शोक करू नका. नजर ठेवायची ती शेंड्यावर आणि खोडाच्या डोळ्यावर.

पान का विरघळतं

दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पाणवनस्पती नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेल्या असतात. मुळं ओली, पानं दमट हवेत. असं केलं की वाढ जोरात होते, शेवाळ लागत नाही, गोगलगाई येत नाहीत. पण हवेत वाढलेलं पान जाड असतं, त्यावर मेणाचा थर असतो आणि ते हवेतून कार्बन डायऑक्साइड घेतं. तेच पान पाण्यात बुडवलं की त्याला काही सुचत नाही. मग वनस्पती त्यातला कस काढून घेते, पान सोडून देते आणि पाण्यासाठी वेगळं, पातळ, मऊ पान काढते. दोन्ही पानं शेजारी ठेवली तर एकाच वनस्पतीची आहेत यावर विश्वास बसत नाही.

आपल्याकडच्या लोकांना हे नवल वाटू नये. पश्चिम घाटातल्या ओढ्यांतून क्रिप्टोकोरायन स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस उगवतात, त्या दरवर्षी हेच करतात. पावसात पूर्ण बुडून लांब रिबिनीसारखी पानं सोडतात, पाणी ओसरलं की उघड्यावर येऊन फुलतात. परदेशातले हौशी लोक ज्या क्रिप्टोचं कौतुक करतात तिचे भाऊबंद आपल्या व्हाळांत पाय सोडून बसलेले आहेत. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा, वॉटर विस्टेरिया, हायड्रिला, तांबडी रोटाला मॅक्रँड्रा, या सगळ्या भारतातल्याच.

पहिला तास: परात, कात्री आणि बोटं

पार्सल असो की दुकानातली पिशवी, थेट टाकीत टाकू नका. साध्या पाण्याची परात घ्या. जुड्यांना शिशाची पट्टी किंवा रबर गुंडाळलेलं असतं ते सोडा. त्या पट्टीखालचं खोड बहुतेक चेंगरून काळं पडलेलं असतं, तेवढा तुकडा कापून टाका. छोट्या कुंडीत असेल तर मुळांभोवती पिवळट लोकर असते, तिला रॉकवूल म्हणतात. ती पाण्यात धरून चिमट्यानं सोडवत बसावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण ती आत राहिली की पुढं टाकीभर तिचे धागे तरंगतात.

आता मुख्य परीक्षा, बोटांची. पानं विसरा आणि खोड दाबा. कच्च्या भेंडीसारखं टणक लागलं तर जिवंत आहे. शिजलेल्या दुधीसारखं दबलं, हाताला तपकिरी बुळबुळीत लागलं आणि गटाराचा वास आला तर तो भाग गेला. अनुबियास किंवा जावा फर्नचं आडवं खोड एका टोकाला कुजलेलं आणि दुसऱ्या टोकाला ठणठणीत असू शकतं. अशा वेळी नवीन ब्लेड घ्या आणि कुजक्या टोकाकडून चकत्या काढत जा, आतला गर पांढरट-हिरवा आणि कोरडा टणक दिसेपर्यंत. माझ्या त्या पार्सलातल्या अनुबियासचं बोटभर खोड होतं, शेवटी करंगळीच्या पेराएवढं उरलं. एकही पान नाही. तेच आज लाकडावर वीतभर पसरलंय.

क्रिप्टो वितळलेली असेल तर पानं देठापासून कापा, पण मुळांचा झुबका ठेवा. कंदवाल्या वनस्पतीचा कंद टणक असेल तर तोही ठेवा. स्टेम प्लांट, म्हणजे उभ्या काडीच्या वनस्पती, यांचं खालचं सगळं गेलं असेल तरी वरचा दोन-तीन पेरांचा हिरवा शेंडा पुरतो. मॉस पूर्ण तपकिरी दिसलं तरी मध्ये कुठं हिरवी तार आहे का पाहा. वॅलिसनेरियाची पानं लांब असतात म्हणून अर्धी कापून ठेवायचा मोह होतो. कापलेलं पान टोकाकडून पुन्हा विरघळत जातं, त्यामुळं खराब पान मुळाशी काढा, बाकीची तशीच ठेवा.

कुजलेलं पान "राहू दे, बिचारं" म्हणून ठेवू नका. ते टाकीत अमोनिया सोडतं, आणि अमोनिया झाला की शेवाळाला आमंत्रण.

त्यानंतर एक आंघोळ. केमिस्टकडं पोटॅशियम परमँगनेट मिळतं. बादलीभर पाण्यात दोन-चार कण, रंग गुलाबी यावा, जांभळा नव्हे. त्यात दहा मिनिटं, मॉस आणि फर्न असेल तर पाचच, मग स्वच्छ पाण्यात दोनदा खळबळून काढा. किडे, जळवा, सैल शेवाळ यावर ते चालतं. गोगलगाईच्या अंड्यांचे जेलीसारखे ठिपके मात्र अशा आंघोळीला दाद देतीलच असं नाही. ते पानाच्या मागच्या बाजूनं नखानं खरवडून काढलेले बरे.

टब

खराब अवस्थेतली वनस्पती थेट माशांच्या टाकीत लावण्यापेक्षा आठ-पंधरा दिवस टबात ठेवणं मला जास्त पसंत आहे. आमच्याकडं जुना प्लास्टिकचा टब आहे, तो बाल्कांवच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, कोपऱ्यात, जिथं उजेड भरपूर पण थेट ऊन नाही अशा जागी ठेवतो. थेट ऊन लागलं तर मे महिन्यात टबातलं पाणी दुपारी चहाचं आधण होतं. पाणी वीतभर, दोन दिवसांनी अर्धं बदलायचं. खत नाही, माती नाही. जाळीचं कापड वरून टाका, नाहीतर डासांची पैदास होईल आणि घरचे टबासकट तुम्हाला बाहेर काढतील. टबात दोन-तीन गप्पी सोडल्या तरी डासांचा प्रश्न सुटतो.

टबात वनस्पती तरंगत ठेवल्या तरी चालतं. पृष्ठभागाजवळ उजेड आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड दोन्ही मुबलक मिळतं, त्यामुळं आजारी काडी तिथं लवकर सावरते.

आपलं पाणी मऊ आहे, हे विसरू नका

देशावरच्या मित्रांच्या सल्ल्यावर विसंबून मी इथंच फसलो होतो. त्यांच्याकडं बोअरचं जड पाणी, भांड्यावर पांढरे डाग पडणारं. ते सांगणार, "कॅल्शियम-बिल्शियमची काळजी नको." आपल्याकडं जांभ्या दगडातून झिरपून विहिरीत येणारं पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असतं. आमच्या विहिरीचं पाणी टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, 40 च्या आसपास दाखवतं. पावसाळ्यात त्याहूनही कमी. वनस्पतींना मऊ पाणी आवडतं हे खरं, पण त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम अगदीच नसेल तर नवीन पानं वाकडी, आखूड, चुरगळलेली निघतात. माझ्या टाकीत ती तशी निघत होती आणि मी लोह ओतत होतो.

यावर गोव्यात फुकटचा उपाय आहे. तिसऱ्या खाऊन झाल्यावर उरलेले शिंपले. चांगले उकळा, ब्रशनं घासा, आठवडाभर उन्हात वाळवा, मग मूठभर जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवा. पाणी आम्लधर्मी असेल तोवर ते हळूहळू विरघळत राहतात. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट, 50 लीटरला एक ग्रॅम. त्यानं मॅग्नेशियम लीटरमागे सुमारे 2 मिलिग्रॅम वाढतं, सुरुवातीला तेवढं बस.

किनाऱ्यालगतच्या गावांत गोष्ट उलटी. तिथं काही विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. जिभेला खारट लागलं तर ते पाणी टाकीला वापरू नका, नळाचं वापरा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आमच्याकडं ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येतं, आणि सकाळी पहिली बादली भरताना वास स्पष्ट जाणवतो. रुंद तोंडाच्या बादलीत 24 तास उघडं ठेवलं, मधून ढवळलं, तर क्लोरीन उडून जातं. घाई असेल तर दुकानात अँटीक्लोरीनची बाटली मिळते, तिच्यात बहुधा सोडियम थायोसल्फेट असतं. फोटो धुण्याच्या जमान्यातल्या लोकांना हाच "हायपो" म्हणून ठाऊक आहे. दर आठवड्याला टाकीतलं पंचवीस ते तीस टक्के पाणी बदला. नवीन टाकीत पहिला महिनाभर आठवड्यातून दोनदा. जोराचा पाऊस होऊन नळाला गढूळ पाणी आलं तर एक दिवस थांबा, काही बिघडत नाही.

तळ: वाळू आणि आपली लाल माती

नदीची धुतलेली वाळू, एक ते तीन मिलिमीटरची, पुढं दोन इंच आणि मागं तीन इंच. पाणी नितळ निघेपर्यंत धुवायची, म्हणजे आठ-दहा वेळा. समुद्राची वाळू नको. कितीही धुतली तरी मीठ आणि शिंपल्यांचा चुरा राहतोच.

1980 च्या दशकात युरोपातले हौशी लोक टाकीच्या तळाला घालायला लॅटेराइट विकत घेत असत. लॅटेराइट म्हणजे आपला जांभा, ज्याचे चिरे काढून आपण घरं बांधली. त्यात लोह भरपूर असतं, आणि वाळूखाली ऑक्सिजन कमी असलेल्या थरात मुळांना ते घेता येतं. लोह सोडून बाकी फारसं काही त्यात नसतं, त्यामुळं त्याला खत समजू नका. वापरायचंच असेल तर जांभ्याचे वाटाण्याएवढे तुकडे चाळून, धुऊन, तळाशी पातळ पसरा आणि वर वाळूचा पूर्ण थर द्या. नंतर उकरू नका. मी एकदा ॲमेझॉन सोर्ड हौसेनं उपटून हलवला, टाकी क्षणात पावसाळ्यातल्या मांडवीसारखी झाली आणि चार दिवस मासे नुसते अंदाजानं दिसत होते.

दोन जागची माती मात्र चुकूनही नको. एक, खाणींच्या डंपाजवळची. दुसरी, कुळागरातली, म्हणजे सुपारीच्या बागेतली. कुळागरातली माती दिसायला सोन्यासारखी, पण पोफळींवर कोळेरोगासाठी दर पावसाळ्यात बोर्डो मिश्रण मारलेलं असतं. त्यात मोरचूद, म्हणजे तांबं. कोळंब्या आणि गोगलगाई त्याला टिकत नाहीत.

लावणं: कुणाला पुरायचं, कुणाला नाही

माझी पहिली अनुबियास मी छान खड्डा करून वाळूत पुरली होती, तुळस लावावी तशी. महिनाभरात पानं पिवळी पडून एकेक सुटायला लागली. शेजारच्या काकांनी कित्येक वर्षांपासून टाक्या ठेवल्या आहेत. ते एकदा साखर मागायला आले आणि काचेला नाक लावून म्हणाले, "हें मरूंक ना रे. वयर काड ताका." वर काढलं, तर पुरलेलं खोड अर्धं काळं. उरलेलं त्यांनी माझ्याच शिवणाच्या दोऱ्यानं दगडाला बांधलं, दोन वेढे, सैलसर, आणि साखर घेऊन गेले.

तर अनुबियास, जावा फर्न, ब्युसेफॅलँड्रा यांचं आडवं खोड वाळूच्या वरच राहिलं पाहिजे. लाकडाला किंवा दगडाला काळ्या सुती दोऱ्यानं बांधा. सुती दोरा दीड-दोन महिन्यांत कुजतो, तोवर मुळं धरतात. सुपरग्लू जेलचा थेंबही चालतो, त्यातला सायनोॲक्रिलेट पाण्यात सुकतो आणि माशांना बाधत नाही. मॉसलाही हेच.

क्रिप्टो, सोर्ड आणि वॅलिसनेरिया यांची मुळं वाळूत, पण पानं जिथून फुटतात तो गाभा वर. चिमट्यानं जरा खोल खोवायचं आणि मग हलकेच वर ओढायचं, गाभा दिसेपर्यंत. या तिघी मुळांनी खाणाऱ्या, त्यांच्याजवळ दोन-तीन महिन्यांतून एकदा रूट टॅब, म्हणजे खताची गोळी, पुरा.

स्टेम प्लांट एकेकटी काडी लावा, जुडी नव्हे. खालच्या दोन पेरांची पानं काढा, तिरकी खोवा, काड्यांमध्ये बोटभर अंतर. जुडीत लावल्या की मधल्या काड्यांना उजेड मिळत नाही आणि आतूनच कुजायला लागतात.

आणि एकदा लावलं की हलवायचं नाही. क्रिप्टोला तर जागा बदलली तरी रुसवा येतो, पाण्याचं तापमान बदललं तरी, कधी कधी काहीच न करता. सगळी पानं दोन दिवसांत विरघळून टाकते. मुळं उपटू नका. तीन आठवडे, कधी दोन महिनेही लागतात, पण वाळूतून सुईसारखं टोक वर येतं. लोक नेमके दहाव्या दिवशी उपटून फेकतात.

कोणती घ्यावी हे विचाराल तर पहिल्या टाकीला वॅलिसनेरिया, वॉटर विस्टेरिया, हायग्रोफिला, जावा फर्न, अनुबियास, क्रिप्टो वेंडटी आणि हॉर्नवर्ट. ही सगळी 28 ते 30 अंशांत निभावतात. फोटोत दिसणारं हिरवंगार कार्पेट आणि तांबडी रोटाला पुढच्या वर्षी बघू. गोल्डफिश असतील तर कोवळं काही शिल्लक ठेवणार नाहीत, तिथं अनुबियास आणि जावा फर्नच.

दिवा

पहिले तीन आठवडे दिवसाला सहा तास, पुढं हळूहळू आठपर्यंत. त्याहून जास्त नाही. वनस्पती दुबळी आहे म्हणून दिवा वाढवणं म्हणजे तापातल्या माणसाला पुरणपोळी वाढणं. ती खात नाही, शेवाळ खातं.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ 56 लीटर पाणी मावतं, वाळू-दगड वजा जाता 45 ते 50. सोप्या वनस्पतींना लीटरमागे 20 ते 30 लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) धरले तर हजार-दीड हजार लुमेन झाले. घरगुती 9 वॅटचा पांढरा एलईडी बल्ब साधारण 900 लुमेन देतो, म्हणजे झाकणाला दोन बल्ब लावले तरी काम भागतं. खोक्यावर 6500 केल्विन लिहिलेलं पाहा. महागडा निळा-जांभळा दिवा लागत नाही. खर्च करायचाच तर प्लगमधला टायमर घ्या. आपण विसरतो, टायमर विसरत नाही. फक्त वीज जाऊन आली की साध्या टायमरचं घड्याळ मागं पडलेलं असतं, तेवढं पावसाळ्यात बघत जा.

खिडकीतलं थेट ऊन टाकीवर नको.

पान वाचायला शिका

आलेली जुनी पानं गेली, नवी आली, आता ती काय सांगतात ते बघायचं. काही अन्नद्रव्यं वनस्पती जुन्या पानांतून काढून नव्याला देऊ शकते, काही देऊ शकत नाही. नायट्रोजन, पोटॅशियम, मॅग्नेशियम हलवता येतात, म्हणून त्यांची टंचाई खालच्या जुन्या पानांवर दिसते. लोह आणि कॅल्शियम हलवता येत नाहीत, म्हणून त्यांची टंचाई शेंड्यावर.

खालची पानं सरसकट पिवळी पडून गळत असतील तर नायट्रोजन. टाचणीनं टोचल्यासारखी भोकं, कडा पिवळ्या, तर पोटॅशियम. शिरा हिरव्या आणि मधली जागा फिकट, तीही जुन्या पानांत, तर मॅग्नेशियम. हेच चित्र शेंड्याच्या कोवळ्या पानांत असेल तर लोह. कोवळं पान वाकडंतिकडं, तर कॅल्शियम, म्हणजे वर सांगितलेले शिंपले. मात्र लावल्यापासून पहिल्या महिन्यातलं पिवळं पान या यादीत धरू नका, ते आपलं जुनं दुखणं.

माशांच्या दुकानातली द्रव खताची बाटली चालते, फक्त मूळ मालापेक्षा पाण्याचेच पैसे जास्त मोजतो आपण. शेतीच्या खतांच्या दुकानात "तेरा-शून्य-पंचेचाळीस" मागा. ते म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, पाण्यात विरघळणारं, पांढरं. दहा ग्रॅम 200 मिलिलीटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा. त्यातले 10 मिलिलीटर म्हणजे अर्धा ग्रॅम. 50 लीटरच्या टाकीत ते घातलं की नायट्रेट लीटरमागे सुमारे 6 मिलिग्रॅमनं वाढतं. आठवड्याला पाणी बदलल्यावर एकदा, आणि तेही नवीन पानं सुरू झाल्यावरच. मासे भरपूर असतील तर बहुधा लागतच नाही. दुकानदार किलोचं पाकीट देईल, उरलेलं आईच्या जास्वंदीला. लोह चिलेटेड, म्हणजे पाण्यात विरघळलेलं टिकून राहणाऱ्या, स्वरूपातलं घ्या. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणात तांबंही असतं, टाकीत कोळंब्या असतील तर लेबल वाचून अगदी थेंबानं.

युरिया, शेणखत, डीएपी टाकीत कधीच नाही. त्यांचा अमोनिया होतो आणि सकाळी मासे उलटे.

"लिक्विड कार्बन" नावाच्या बाटल्यांत बहुधा ग्लुटराल्डिहाइड असतं. वॅलिसनेरिया त्यानं वितळते. नवशिक्यानं ती बाटली घेऊच नये असं माझं मत. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचाही विचार सध्या नको.

शेवाळ

पहिल्या महिन्यात तपकिरी पावडरीसारखं शेवाळ काचेवर आणि पानांवर बसतं. बोटानं पुसलं की जातं आणि टाकी जुनी झाली की आपोआप थांबतं. हिरवे केस आले तर दिवा दीड तास कमी करा, टूथब्रश फिरवून गुंडाळून काढा. अनुबियासच्या कडांना काळ्या दाढीसारखे झुपके येतात, ते पुसून जात नाहीत. त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड. केमिस्टकडं मिळणारं बहुधा 6 टक्क्यांचं असतं, लेबल पाहा आणि तेवढंच पाणी घालून 3 टक्क्यांवर आणा. 50 लीटरला त्यातलं 20 मिलिलीटर ही कमाल. फिल्टर बंद करून सुई काढलेल्या सिरिंजनं झुपक्यावर सावकाश सोडा, दहा मिनिटांनी फिल्टर चालू. काळं शेवाळ दोन-तीन दिवसांत गुलाबी होतं, मग मासे-कोळंब्या ते टिपतात. मॉसवर हा प्रयोग नको.

ऊन आणि पाऊस

एप्रिल-मेमध्ये टाकी 31-32 अंशांवर जाते. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यामुळं कुजकी पानं त्या दिवसांत रोज उचला. पाण्यावर छोटा पंखा लावायची युक्ती घाटावर दोन-तीन अंश उतरवते. आपल्या दमट हवेत बाष्पीभवन कमी, म्हणून तेवढा गुण येत नाही, आणि जुलैत तर जवळजवळ नाहीच. त्यापेक्षा दिवा संध्याकाळी लावा आणि टाकी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवा. पावसात वीज गेली तर वनस्पतींना काही होत नाही. माशांसाठी बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवा.

आठव्या-दहाव्या आठवड्यात काड्या पाण्याच्या वर डोकं काढतात. तेव्हा वरचा वीतभर शेंडा कापून तोच नव्यानं खोवा. बुंधा ठेवला तर त्याला दोन फुटवे येतात. इथून पुढं तुमच्याकडं वनस्पती कमी पडत नाहीत, जास्त होतात, आणि त्यांचं काय करायचं हा प्रश्न येतो. ओळखीच्यांना वाटा. देवळाच्या तळीत, व्हाळात किंवा शेतात मात्र टाकू नका. जलपर्णी आणि साल्व्हिनिया परदेशातूनच आल्या आणि त्यांनी पाण्याचं काय केलं हे कुठल्याही तुंबलेल्या तळ्याकाठी उभं राहिलं की दिसतं. तसंच अभयारण्यातल्या ओढ्यांतून काही उपटूनही आणू नका, तो गुन्हा आहे.

आमच्याकडं छाटलेलं सगळं सुपात घालून दोन दिवस कडक उन्हात वाळतं आणि मग माडाच्या आळ्यात जातं. टाकीतलं बदललेलं पाणीही तिथंच.